‘जुळवून घेणे’ हे मूल्य आहे काय? : स्थलांतराची बालकादंबरी आणि अध्यापनातील नैतिक प्रश्न

१

स्थलांतराच्या बालकादंबरीचा एक साचा गेल्या अर्धशतकात जगभर रूढ झाला आहे. मूल आपले घर सोडते. परक्या मुलुखात त्याची भाषा, त्याचे नाव, त्याचे जेवण यांची थट्टा होते. एखादी वडीलधारी किंवा समवयस्क व्यक्ती त्याला हात देते. आणि अखेरीस मूल त्या नव्या जगात आपली जागा शोधते. वर्गात अशी कादंबरी शिकवली जाते तेव्हा या साच्याला पूरक असे प्रश्नही ठरून गेलेले असतात. नायकाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, नायकापासून तुम्ही कोणता गुण घ्याल, या प्रश्नांची अपेक्षित उत्तरे धैर्य, चिकाटी आणि परिस्थितीशी जुळवून घेण्याची तयारी यांच्या पलीकडे सहसा जात नाहीत. पहिले दोन गुण निर्विवाद मानता येतील. प्रश्न तिसऱ्याचा आहे. ‘जुळवून घेणे’ हे कौशल्य आहे हे उघड आहे. ते मूल्य आहे काय, आणि मूल्य म्हणून ते मुलांना शिकवण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठीपुरता विचार करायचा तर या शब्दप्रयोगाचा इतिहासच प्रथम लक्षात घ्यावा लागतो. ‘जुळवून घे’ हे आज्ञार्थी वाक्य मराठी घरात सर्वाधिक वेळा उच्चारले गेले ते सासरी निघालेल्या मुलीला उद्देशून. आपल्या समाजातील सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक स्थलांतरित म्हणजे ही मुलगी होय. तिचे गाव बदलते, आडनाव बदलते, प्रसंगी नावही बदलते; आणि हे सगळे सोसण्याची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकणारा उपदेश या दोन शब्दांत सामावलेला असतो. तो ज्या घराला करायला हवा त्या घराला कधीच केला जात नाही. ज्या भाषेने हा उपदेश घडवला, त्याच भाषेने जात्यावरची ओवीही घडवली, हेही विसरता येत नाही. सासर-माहेराच्या ओव्यांमधली स्त्री जुळवून घेते, आणि त्याच वेळी आपण काय गमावले याचा हिशेबही मांडून ठेवते. म्हणजे उपदेश आणि त्याची तपासणी या दोन्ही परंपरा मराठीत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. शाळेच्या वर्गात मात्र पहिलीच परंपरा पोहोचते. दुसरी उंबरठ्याबाहेर राहते.

२

या प्रश्नाची तपासणी करण्यासाठी रायगडच्या किनाऱ्याइतकी उचित भूमी क्वचित सापडेल. अनिता देसाई यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही बालकुमारांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी १९८२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाली आणि १९८३ मध्ये तिला ‘गार्डियन’चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ब्रिटनमधील शाळांतून ती शिकवली गेली. १९९२ मध्ये बीबीसीने तिच्यावर मालिकाही केली. कादंबरीचे गाव म्हणजे अलिबागच्या उत्तरेचे थळ. ही कथा पूर्णतः वस्तुस्थितीवर आधारलेली असून गावातील माणसांची केवळ नावे बदलली आहेत, असे लेखिकेने आरंभीच नमूद केले आहे.

कथानक परिचित आहे. दारूच्या आहारी गेलेला बाप, अंथरुणाला खिळलेली आई, लहान बहिणी, आणि या सर्वांचा भार वाहणारी दोन मुले : लीला आणि हरी. गावाजवळ खताचा प्रचंड कारखाना येणार अशी वार्ता पसरते. त्याला विरोध करण्यासाठी निघालेल्या मोर्च्याबरोबर हरी मुंबईला जातो, आणि मोर्चा परतल्यावर तो मात्र तिथेच राहतो. जग्गूच्या खाणावळीत तो राबतो, शेजारच्या वृद्ध पानवाला यांच्याकडून घड्याळदुरुस्ती शिकतो आणि दिवाळीला घरी परततो. लीला गाव सोडत नाही. ती घर सांभाळते. कादंबरीच्या शेवटी हरी कोंबडीपालनाचा आणि पुढे घड्याळदुरुस्तीचा बेत आखतो, कारण कारखाना आला की नवी माणसे येतील आणि त्यांना या गोष्टी लागतील.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की हरी देश सोडत नाही, एक खाडी ओलांडतो. तेव्हा ही देशांतराची कादंबरी कशी? हा आक्षेप वरवरचा आहे. दर्याकाठच्या खेड्यातील मुलाला मुंबई हा परका मुलूख आहे, हे तर खरेच. परंतु या कादंबरीची खरी विशेषता वेगळीच आहे. तिच्यात नायक नव्या देशात जातो त्यापेक्षा नवा देश नायकाच्या गावी चालून येतो. जो जागचा हलला नाही, तोही येथे परदेशस्थ होतो. वाफे, माड, होड्या यांच्यावर उभे असलेले जीवन पगार, पाळी आणि वसाहत यांच्यावर उभे राहते. गावकरी आपल्याच गावात नवखा ठरतो. इतिहासानेही कादंबरीला दुजोरा दिला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स’ या सरकारी कंपनीचा, बॉम्बे हायच्या वायूवर युरिया निर्माण करणारा थळचा कारखाना १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाला.

कादंबरीचा नैतिक निष्कर्ष दोन वृद्धांच्या तोंडून येतो. पानवाला हरीला शिकत राहण्याचा आणि बदलत राहण्याचा सल्ला देतात. पक्षिनिरीक्षक सय्यद अली, जे मुंबईत ग्रामस्थांच्या बाजूने बोललेले असतात, लढा हरल्याचे मान्य करून हरीच्या बदलण्याच्या तयारीचे कौतुक करतात. हे दोघेही सहृदय आहेत, आणि लेखिकेची सहानुभूती त्यांच्याइतकीच ग्रामस्थांनाही लाभली आहे, यात संशय नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बदलण्याचा सल्ला देणारे दोघेही शहरातले आहेत, आणि ज्याला बदलायचे आहे तो एक पोरगा आहे. ज्यांनी जमीन संपादन करण्याचा निर्णय घेतला, ते कथेत माणूस म्हणून कुठेच येत नाहीत. त्यामुळे निर्णयाला निसर्गाच्या घटनेचे रूप येते. पावसाळा येतो तसा कारखाना येतो. आणि पावसाळ्याशी कोणी भांडत नाही, छप्पर शाकारून घेतात.

जुळवून घेण्याच्या शिकवणीतील खरी गफलत येथे सापडते. मानवी निर्णयाला नैसर्गिक घटना मानले की न्यायाचा प्रश्न मिटतो आणि केवळ व्यवहारचातुर्याचा प्रश्न उरतो. शिक्षक वर्गात हरीचे कौतुक करतो तेव्हा हे रूपांतर त्याच्या हातून, बहुधा नकळत, पुरे होते.

३

जॅकलिन रोझ यांनी १९८४ मध्ये ‘पीटर पॅन’च्या निमित्ताने असा मुद्दा मांडला होता की बालसाहित्यात प्रौढ हा लेखक असतो, मूल केवळ ग्रहणकर्ते असते, आणि प्रौढाला जसे मूल हवे असते तसे मूल ते साहित्य घडवू पाहते. हा मुद्दा स्थलांतराच्या बालकादंबरीला लावला तर विचारावे लागते : प्रौढाला जुळवून घेणारे मूल का हवे असते? एक उत्तर असे की मूल जुळवून घेते तेव्हा त्याला उपटून नेणारा प्रौढ दोषमुक्त होतो. मुलाचे आनंदी होणे हे प्रौढाच्या निर्णयाचे समर्थन ठरते. कादंबरीचा सुखान्त त्या अर्थाने मुलासाठी नसून प्रौढासाठी असतो.

या उत्तराची पडताळणी कल्पित कथेत करण्यापेक्षा त्याच किनाऱ्याच्या इतिहासात करणे अधिक उचित ठरेल. थळच्या शेजारी नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत या गावाजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हा समाज कुलाब्याच्या गावागावांत तेलाचा घाणा चालवू लागला आणि शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, नवगाववरून नवगावकर अशी आडनावे या समाजात रूढ झाली. परक्या भूमीशी जुळवून घेण्याचे याहून यशस्वी उदाहरण मिळणे कठीण. भाषा मराठी, वेष मराठी. तरी शनिवार सुटला नाही. म्हणजे जुळवून घेणे आणि काही एक न सोडणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हेही याच उदाहरणावरून दिसते.

१९४८ नंतर हा समाज इस्राएलकडे जाऊ लागला. त्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास असलेली त्यांची संख्या पुढील दशकांत पाच हजारांच्या आत आली. अलिबागच्या इस्राएल आळीतील प्रार्थनामंदिर उभे आहे. घरे मोजकीच उरली. हे स्थलांतर धर्माच्या दृष्टीने स्वगृही परतणे होते, आणि तरीही ते परदेशगमन होते. ज्यांची मातृभूमी तीच असे ग्रंथ सांगत होते, त्यांनाच तिथे नवखेपण भोगावे लागले. १९५१-५२ मध्ये त्यांतील काहींनी भेदभावाची तक्रार करून धरणे धरले आणि भारतात परत पाठवण्याची मागणी केली. शंभराहून अधिक जण परत आलेही, आणि त्यांतील बहुतेक काही काळाने पुन्हा इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. या अवमानाविरुद्ध समाजाने आंदोलन उभारले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिल्यावर धर्मपीठाला निर्देश बदलावे लागले.

या घटनाक्रमाकडे जुळवून घेण्याच्या निकषावर पाहिले तर १९६२ ते १९६४ चे आंदोलक नापास ठरतात. त्यांनी वंशाची चौकशी मुकाट्याने करून घेतली असती तर ते ‘चांगले नवागत’ ठरले असते. त्यांनी जुळवून घ्यायचे नाकारले म्हणूनच त्यांच्या मुलांचे लग्न चौकशीविना होऊ शकले. पुढच्या पिढीला त्या देशात घर मिळाले ते आधीच्या पिढीने जुळवून न घेतल्यामुळे. नवा देश आपला होतो तो कधी कधी त्याच्याशी भांडून, ही गोष्ट स्थलांतराच्या बालकादंबरीच्या साच्यात बसत नाही. या समाजाने इस्राएलमध्येही ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, ही गोष्टही त्या साच्यात बसत नाही. कारण साच्यात मागे टाकलेली भाषा ही आजीच्या आठवणीपुरती असते, नव्या देशात छापखान्यात जाणारी नसते.

मागे राहणाऱ्यांचीही एक बाजू असते. एस्थर डेव्हिड यांच्या, २०१० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘बुक ऑफ रेचेल’ या प्रौढांसाठीच्या इंग्रजी कादंबरीची नायिका अलिबागजवळच्या किनाऱ्यावर एकटी राहून ओस पडलेले प्रार्थनामंदिर वाचवू पाहते. तिची मुले इस्राएलला गेलेली असतात. देसाईंची लीला आणि डेव्हिड यांची रेचेल या दोघींना एकत्र वाचले की ध्यानात येते की गमनाची कथा ही नेहमी राहणाऱ्याचीही कथा असते. शालेय प्रश्नपत्रिका मात्र जाणाऱ्याविषयीच विचारते.

४

मग मुलांना स्थलांतराची कथा शिकवावी तरी कशी? या किनाऱ्याच्या परंपरेतच या प्रश्नाचे एक उत्तर उपलब्ध आहे. ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या सणात ‘हग्गादा’ वाचली जाते. मिसरच्या दास्यातून निघून नव्या देशाकडे जाण्याची ती कथा आहे, आणि ती मुलांना सांगण्यासाठीच रचलेली आहे. तिचा मराठी अनुवाद १८४६ मध्ये मुंबईत आणि पुन्हा १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. पुण्याच्या आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दाखवल्या आहेत. मराठीत मुलांना देशांतराची कथा शिकवण्याचा हा एक जुना छापील नमुना होय.

या ग्रंथाची अध्यापनपद्धती विचारार्ह आहे. त्यात प्रौढ प्रश्न विचारत नाही; मूल विचारते. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, या मुलाच्या प्रश्नापासून कथन सुरू होते. पुढे चार प्रकारच्या मुलांचा उल्लेख येतो : शहाणा, दुष्ट, भोळा, आणि ज्याला प्रश्नच विचारता येत नाही असा. चौघांना चार वेगवेगळी उत्तरे आहेत. दुष्ट म्हटलेला मुलगा ‘हे सगळे तुमचे, माझे नव्हे’ अशा आशयाचे बोलतो. त्याला मिळणारे उत्तर कठोर आहे, आणि आजच्या शिक्षकाला ते मान्य होणार नाही. परंतु त्याला पंगतीतून उठवलेले नाही, आणि त्याचा प्रश्न ग्रंथातून वगळलेला नाही, हे महत्त्वाचे. प्रत्येक वर्षी तो नव्याने वाचला जातो. ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी प्रौढाने आपण होऊन बोलायला सुरुवात करायची असते.

वर्गात स्थलांतराची कादंबरी शिकवताना बहुधा शहाण्या आणि भोळ्या मुलांचीच सोय केलेली असते. ‘त्यांनी जायला नको होते’, ‘कारखाना येऊ द्यायला नको होता’, ‘हरी हरला’ असे म्हणणारे मूल विषय सोडून बोलते असे मानले जाते. आणि चौथे मूल, म्हणजे ज्याच्या घरात ही कथा कालच घडली आहे आणि म्हणूनच ज्याला बोलता येत नाही ते, वर्गात असूनही दिसत नाही.

५

या चौथ्या मुलाचा विचार करताना रससिद्धान्तातील एक जुना मुद्दा नव्याने उभा राहतो. भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार रसास्वादात भाव हा ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी यादी दिली आहे तीत, अनुभव केवळ आपला किंवा केवळ परक्याचा मानून विशिष्ट देशकालात अडकणे आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, ही दोन विघ्ने सांगितली आहेत. लंडनमधील विद्यार्थ्याला ‘द व्हिलेज बाय द सी’ वाचताना या विघ्नांची बाधा सहसा होत नाही. थळच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती अटळ आहे. कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणारे मूल ही कादंबरी वाचेल तर ते ‘हे आमचेच’ म्हणूनच वाचेल. आणि माणसे खरी असून नावेच बदलली आहेत हे लेखिकेचे निवेदन त्याला आणखी मागे खेचील. ती माणसे कोण, हा त्याचा पहिला प्रश्न असेल.

सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने हा वाचक अपूर्ण आहे असे म्हणणे शक्य आहे. नैतिक दृष्टीने मात्र ज्याचे घर गेले त्याने तटस्थ व्हावे अशी मागणी करणे, ही जुळवून घेण्याच्या मागणीचीच सूक्ष्म आवृत्ती ठरते. आधी जमिनीच्या बाबतीत जुळवून घे, मग आस्वादाच्या बाबतीतही. साधारणीकरणाची प्रतिष्ठा कमी करण्याचा येथे हेतू नाही. ते वाचनाचे फळ असू शकते, वाचनाची पूर्वअट असू शकत नाही, एवढेच म्हणायचे आहे. ज्याचे दुःख अजून बोलून झाले नाही, त्याच्याकडे विघ्नरहित आस्वादाची अपेक्षा धरता येत नाही.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जो बदलत नाही तो संपतो, हे कटू असले तरी खरे आहे. कारखाना उभा राहिला आहे. खेडी ओस पडत आहेत. मुलांना उद्या मुंबईला, पुण्याला, आखातात किंवा आणखी दूर जावे लागणार आहे. अशा मुलांना तक्रारीचे व्याकरण शिकवून शिक्षक त्यांचे भले करतो की नुकसान? हरीच्या हाती घड्याळदुरुस्तीचे कसब नसते तर न्यायाची जाणीव त्याच्या बहिणींच्या तोंडी घास घालू शकली असती काय?

या आक्षेपातील सत्य स्वीकारलेच पाहिजे. कौशल्य म्हणून जुळवून घेणे मुलांना शिकवायलाच हवे. ते न शिकवणारा शिक्षक सुस्थितीतल्या माणसाची चैन करतो. निराशा शिकवण्याचा अधिकारही कोणा प्रौढाला नाही. परंतु कौशल्य आणि मूल्य यांत फरक आहे. पोहता येणे हे कौशल्य आहे. बुडणाऱ्याला पोहता आले म्हणून त्याला ढकलणारा निर्दोष ठरत नाही. हरीचे कसब हे हरीचे श्रेय आहे. ते कारखान्याचे समर्थन नाही. ही दोन विधाने एकाच वेळी उच्चारता येणे, हीच स्थलांतराची कादंबरी शिकवण्याची किमान नैतिक अट मानावी लागेल.

व्यवहारात याचा अर्थ असा की ‘नायकाने कसे जुळवून घेतले’ या प्रश्नाशेजारी आणखी तीन प्रश्न असावेत : त्याला जुळवून घ्यायला कोणी लावले, त्याच्याशी कोणी जुळवून घेतले, आणि कशाशी जुळवून घेणे त्याने नाकारले. हे प्रश्न बाहेरून आयात करावे लागत नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मास्तर परगावाहून येऊन वाडीशी जुळवून घेतो, आणि दुष्काळात वाडीच उठून जाते, तेथे मास्तराच्या यशाने वाडीच्या उठण्याचे सांत्वन होत नाही. हे दोन्ही एकत्र धरून ठेवण्याची ताकद मराठी कादंबरीने पूर्वीच दाखवली आहे. बालकादंबरीच्या वाचकाला ती झेपणार नाही असे मानणे हे मुलांविषयीच्या काळजीपेक्षा प्रौढांच्या सोयीचेच अधिक द्योतक आहे.

जात्यावर बसलेल्या बाईने दळण थांबवले नाही आणि गाऱ्हाणेही थांबवले नाही. पीठ पडत राहिले, ओवी चालू राहिली. पिठाला कौशल्य म्हणावे आणि ओवीला मूल्य. स्थलांतराची कथा मुलांच्या हाती देताना शिक्षकाने यांपैकी फक्त पहिलेच दिले, तर त्याने पाठ पूर्ण केला असे म्हणता येणार नाही.